राईतले घर सुगंधाला

॥ श्री देवी माउली प्रसन्न ॥

मी, पद्मावती भ्रतार दत्ताराम नाबर, वय चौसष्ट, राहणार शिरोडा, तालुका वेंगुर्ले, जिल्हा रत्नागिरी, माझ्या राहत्या घरी पडवीत बसून हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझ्या पतींचे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतले ते या कागदासाठी. डोळ्यांना कमी दिसते म्हणून अक्षर वकील श्री. केशव प्रभुखानोलकर यांचे आहे. शब्द माझे आहेत. वकिलांनी काही ठिकाणी ते सौम्य करून पाहिले, मी पूर्ववत करवून घेतले.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. छाती भरून येते, आणि डॉक्टर पुढच्या पावसाळ्याविषयी काही बोलत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. धाक घालायला आले होते, ते चहा घेऊन परत गेले. त्यांच्याविषयी पुढे येईल. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करण्याजोगे काही बाईच्या नावावर असते, हेच मला फार उशिरा कळले.

कलम १. मिळकत. मौजे शिरोडा येथील समुद्राकडची राईची जमीन, तीत बांधलेले चिरेबंदी कौलारू घर, गोडी विहीर, आणि उभी झाडे: उंडी, सुरंगी, काजू, जांभूळ, ओहोळाकाठचा केवडा. चतुःसीमा अशी. पूर्वेस माडबाग व पायवाट. दक्षिणेस ओहोळ. उत्तरेस देवाची राई. पश्चिमेस सुरूचे बन व त्यापलीकडे समुद्र. ही जमीन मी माझ्या आईने दिलेले दागिने मोडून १९५४ साली माझ्या मामांकडून घेतली. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे आहे. नाबर कुटुंबाचा यात काही संबंध नाही. हे मी कायद्यासाठी लिहिते. थोडे अभिमानानेही.

कलम २. हे घर कसे झाले, ते मृत्युपत्रात कशाला, असे वकिलांनी विचारले. घर कोणाला द्यायचे हे ज्याला कळून घ्यायचे असेल, त्याला ते कोणी केले हे आधी माहीत हवे. म्हणून लिहिते.

मला एकच मुलगा होता, श्रीपाद. घरात आम्ही त्याला बाबली म्हणत असू. मुंबईस त्याने घरबांधणीचे शिक्षण घेतले आणि फोर्टातील एका कचेरीत नोकरी धरली. लोकांची घरे काढता काढता त्याने आमचे घर काढायला घेतले. मे महिन्यात सर्वांनी सुट्टीला येऊन राहावे, एवढाच हेतू. त्याची बायको सुगंधा संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून त्याच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवीत असे. ती मॅट्रिक झालेली, हात स्थिर. नकाशा वाचायला ती तिथेच शिकली.

माझ्या पतींची मुंबईस लाकडाची वखार आहे. त्यांना दुमजली बंगला हवा होता, खांब सागवानी, जिना सागवानी, पुढे रुंद गच्ची. बाबलीने काढले ते बैठे घर. एकच मोठे घर नव्हे. झाडे जिथे मुळातच विरळ होती अशा तीन जागी तीन लहान भाग, आणि त्यांना जोडणारी, सुरंगीला वळसा घालून जाणारी पडवी. जोते उंच, पाणी अडू नये म्हणून. छपराची समुद्राकडची पाख खाली उतरलेली, वारा वरून जावा म्हणून. चिरा इथल्याच खाणीचा, बिनगिलाव्याचा. लाकूड फणसाचे.

या लाकडावरून जेवणाच्या पानावर जे बोलणे झाले ते मला शब्दन् शब्द आठवते. माझ्या पतींनी विचारले, “सागवान कित्याक नको? माज्या वखारीत काय कमी आसा?”

बाबली म्हणाला, “बाबा, तुमचां लाकूड बरांच आसा. पण थंय तां परक्यां दिसतलां.”

“म्हंजे मी परको, असां म्हण.”

“मी लाकडाबद्दल बोलतंय.”

“मी लाकूडच इकतंय,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दोघांचेही काही चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्याने तीस वर्षे सागवान पारखले त्याला आपल्या मुलाच्या घरी आपली एक तुळई नसावी हे लागणारच. आणि मुलाला जे दिसत होते ते त्याला दिसत होते.

१९५७ च्या आषाढात बाबली रजा काढून एकटा इथे आला. नकाशा पुरा झाला होता, पाया तेवढा खणायचा होता, पण त्याचे म्हणणे असे की पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जोत्याची जागा पक्की करणार नाही. माडाच्या झावळ्यांचे खोपटे घालून तो राईत राहिला. मासे विकणाऱ्या हिरा तारीच्या घरून त्याला जेवण जाई. पावसात भिजत त्याने जमिनीवर खुंट्या मारल्या, दोऱ्या बांधल्या. ओहोळ फुगून जिथे पसरला ती जागा सोडून घर पूर्वेकडे सरकवले. मग त्याला ताप आला. तो अंगावर काढला. हिराच्या घरच्यांनी त्याला डोलीत घालून वेंगुर्ल्यास न्यायला काढले, तर खाडीला इतका लोंढा की तरीवाला होडी घालीना. पाणी उतरेपर्यंत ते काठावर बसून राहिले. हिराने त्याच्यावर आपले इरले धरले होते. इस्पितळात नेले तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता.

आम्हाला मुंबईस तार मिळाली. पावसाळ्यात बोटी बंद. कोल्हापूरवरून, आंबोलीच्या घाटाने मोटारी बदलत आम्ही आलो. सर्व आटोपले होते. सुगंधा तेव्हा बावीस वर्षांची होती.

कलम ३. त्यानंतर माझ्या पतींनी सांगितले की जमीन विकून टाकावी. त्यांचे धाकटे बंधू रघुवीर, ज्यांना सगळे भाई म्हणतात, ते बाराव्याच्या दिवशी सर्वांसमक्ष म्हणाले की या घराने बांधण्याआधीच मुलगा खाल्ला. पुढच्या कार्तिकात बोट सुरू झाली तशी मी आणि सुगंधा वेंगुर्ल्यास उतरलो, बैलगाडीने शिरोड्यास आलो आणि हिराच्या शेजारी एक खोली घेतली. निघताना माझे पती म्हणाले, “ज्या घराक माजां लाकूड चालला नाय, थंय माजां पाऊल पडूचां नाय.” मी म्हटले, “बरां.” एवढेच. मुंबईस मी मधून मधून जात असे. ते मला बोटीपर्यंत पोचवीत, औषधे बांधून देत. घर कुठवर आले असे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

बाबलीच्या खुंट्या जागेवर होत्या. गुरे चरत येत होती तरी हिराने त्यांच्याभोवती काटेरी कुंपण घालून ठेवले होते. बाबू मेस्त्रीला आम्ही बोलावले. नकाशा सुगंधा त्याला वाचून दाखवी. पहिल्या दिवशी तिने नुसते आकडे सांगितले, आणि मेस्त्रीही मान खाली घालून फक्त आकडेच घेत राहिला.

बाबलीच्या नकाशात एक चूक होती. स्वयंपाकघर त्याने नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात काढले होते. रांधणाऱ्या बाईलाही समुद्र दिसावा म्हणून, असे त्याने मला सांगितले होते. पण पावसाळ्याचा वारा तिकडूनच येतो, सगळा धूर घरात भरला असता. त्याने जन्मात चूल पेटवली नव्हती. मेस्त्री दोरी घेऊन उभा राहिला. “बाय, रांदप हयसरच घेवचां मां?”

सुगंधा चिऱ्यांच्या ढिगावर जाऊन बसली. दुपार झाली तरी उठेना. मी जवळ गेले. म्हटले, “तुज्या मनात आसात तर तसांच ठेव. धूर सोसू.”

ती म्हणाली, “माई, तो जगलो असतो तर पयल्याच पावसात तेनाच ही भिंत पाडली असती.”

मग तिने पेन्सिल मागितली. त्याच्या रेघा खोडल्या नाहीत, शेजारी आपल्या काढल्या. चूल आग्नेयेला नेली. आणि चुलीसमोरचे दार, पडवीचे दार आणि पलीकडची खिडकी एका रेषेत घेतली. आज चुलीपाशी बसले की हातभर समुद्र दिसतो. त्या दिवशी ती जेवली, दोन वेळा भात मागून घेऊन. मला वाटते की त्या दिवसापासून ती जगू लागली.

कौले घालायच्या वेळी माझ्याजवळचे पैसे सरले. सुगंधाने न विचारता आपल्या लग्नाच्या पाटल्या आणि मोहनमाळ वेंगुर्ल्याच्या सोनाराकडे दिली. म्हणजे या घराचे छप्पर तिचेच आहे, हे ज्यांना कायद्याची भाषा कळते त्यांनी लक्षात घ्यावे. १९५९ च्या मार्गशीर्षात आम्ही दोघी घरात राहायला आलो. एकही उभे झाड तोडले नव्हते.

कलम ४. सुगंधाचे लग्न मी लावले. ते तिच्या किंवा कोणाच्या बोलण्याला फशी पडून नव्हे. गुरुदास तेंडोलकर हे वेंगुर्ल्याच्या फळबाग केंद्रात नोकरीला. घराचे काम चालू असतानाच समुद्राकडच्या बाजूस वाळू सरकत होती, तिथे काय लावावे हे विचारायला मी त्यांना बोलावले. ते येऊ लागले. कचेरीतले असल्यामुळे सुरुवातीस छापील मराठी बोलत, पुढे आमच्यासारखे बोलू लागले. सुगंधाशी ते फक्त झाडांविषयी बोलत. पण एकदा तिने पाणी दिलेला तांब्या त्यांनी रिकामा करून बराच वेळ हातात धरून ठेवला, ते मी पाहिले.

मी त्यांना सरळ विचारले, “तुमका लगीन करूचां आसा काय?”

ते लाल झाले. म्हणाले, “आदी तेंका इचारा. माका मागीर.”

हे उत्तर मला आवडले. सुगंधाला विचारले तर ती संतापली. “माई, तुमका मी जड झालंय काय?”

“जड झालं असतंस तर तुका माहेराक धाडलां असतां. लगीन कित्याक लावलां असतां?”

ती कित्येक महिने या विषयावर बोलली नाही. मीही काढला नाही. पुढे एका सकाळी सुरंगीच्या फुलांचे वळेसर ओवता ओवता, मान वर न करता म्हणाली, “तेंका सांगा, ह्या घरातून मी भायर जावचंय नाय.” गुरुदासांनी ते मान्य केले. ते आठवडाभर वेंगुर्ल्यास असतात, शनिवारी इथे येतात.

१९६० साली वेंगुर्ल्यास नोंदणी झाली आणि जेवण या पडवीत झाले. गावातून कमी माणसे आली. हिराचे सर्व घर आले. नाबरांपैकी एकटे भाई आले, ते थांबवायला. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, “वयनी, सून दिलास. आता उद्या घरय देशात.”

“देतलंय,” मी म्हटले.

ते मी आज देत आहे. गेल्या महिन्यात भाई पुन्हा आले होते. घर नाबरांचे, दुसऱ्याच्या बायकोला कसे जाते ते पाहतो, कोर्ट दाखवतो, असे म्हणाले. त्यांना दाखवायचे ते त्यांनी दाखवावे.

कलम ५. म्हणून, कलम १ मधील जमीन, घर, विहीर व झाडे माझ्या मृत्यूनंतर सुगंधा भ्रतार गुरुदास तेंडोलकर हिची, पूर्ण मालकीची. विकायचे, ठेवायचे, वाढवायचे, ते तिने ठरवावे. मी अट घालत नाही. नकाशा तिला कळतो. बाबलीच्या भिंती तिला कधी पाडाव्या लागल्या तर तिने माझ्या आत्म्याची भीती बाळगू नये.

एक मात्र बंधन, आणि ते सुगंधाच्या संमतीने. हिरा तारी व तिच्या वस्तीवरील बायका मासळीच्या पाट्या घेऊन या जमिनीतून समुद्राकडून पायवाटेकडे जातात. तो वहिवाटीचा रस्ता कोणी कधीही बंद करू नये. पडवीच्या पायरीवर टेकायचा त्यांचा हक्क त्यातच आला. विहिरीचे पाणीही.

कलम ६. माझे पती दत्ताराम नाबर यांस या घरातील पूर्वेकडील खोली हयातभर राहण्यास. त्यांना सकाळचे ऊन लागते आणि दमट वारा सोसत नाही. बाबलीने ती खोली त्यांच्यासाठीच काढली होती. ती आम्ही कोणाला वापरू दिलेली नाही. खाट आहे, भिंतीत कोनाडा आहे, खुंटी त्यांच्या उंचीला लावलेली आहे. ते या घरी एकदाही आलेले नाहीत. तरी खोली त्यांची आहे. ते न आले तर ती त्यांच्या पश्चात सुगंधाकडे जावी.

कलम ७. बाबलीची कंपासपेटी, मोजपट्ट्या आणि नकाशाच्या पेन्सिली सुगंधाच्या मुलीस, दुर्गेस. तिला रेघ सरळ काढता येत नाही, झाडावर चढता येते. तरीही तिलाच. मूळ नकाशे सुगंधाकडे आहेत, ते तिचेच.

बाबू मेस्त्रीस माझी शिसवी पेटी. तिच्या बिजागऱ्या नीट नाहीत हे तो तीन वर्षे मला सांगत आहे, आता त्यानेच बसवाव्या.

मुंबईच्या घरातील माझी तांब्यापितळेची भांडी भाईंच्या पत्नी सुशीला यांस. त्या भल्या बाई आहेत. बाराव्याच्या दिवशी भाई जे बोलले ते ऐकून त्या एकट्याच आत येऊन सुगंधाजवळ बसल्या होत्या. भाईंस माझ्याकडून काही नाही. राग म्हणून नव्हे. त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ शोधूनही काही सापडले नाही.

पोस्टात व हाताशी जे शिल्लक असेल त्यातून माझी क्रिया साधी करावी. उरेल ते गुरुदासांनी वाळूच्या बाजूस झाडे लावण्यात घालावे.

कलम ८. हे कलम वाचन झाल्यावर वाढवले आहे.

वरील मजकूर आधीच लिहून झाला होता, तो आज सह्यांपूर्वी वकिलांनी मोठ्याने वाचला. पडवीत मी, साक्षीदार, सुगंधा, गुरुदास होतो. आणि माझे पती होते. सुगंधाने मला न विचारता त्यांना माझ्या प्रकृतीची तार केली होती. ते काल बोटीने वेंगुर्ल्यास उतरले, आज सकाळी गुरुदास त्यांना मोटारीने घेऊन आले. आल्यापासून त्यांनी माझा हात धरला होता.

कलम ६ वाचून होताच ते म्हणाले, “ह्यां खरां न्हय.”

वकील थांबले. मी विचारले, “खंयचां खरां न्हय?”

“एकदाय इलंय नाय म्हणान लिवलां हा, तां.”

मग ते सांगू लागले. वकिलांकडे पाहून, जणू जबानी देत असल्यासारखे. चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात, मी मुंबईहून इथे परतल्यानंतर, ते कोणालाही न सांगता बोटीत बसले होते. शिरोड्यास येऊन समुद्राच्या बाजूने चालत राईत शिरले.

“दोन फेरे मारलंय,” ते म्हणाले. “माका घर गावलां नाय.”

मी म्हटले, “कोणाक तरी इचारूचां.”

“काय इचारू? माज्या झिलान बांधलेलां घर खंय आसा, म्हणान?”

ते पुढे म्हणाले की झाडांच्या आत कुठेतरी एक लहान मूल रडत होते. त्यांना वाटले की कोणाचा तरी मांगर, बागेतली खोप, असेल. थोडा वेळ ते तिथेच उभे राहिले. मुलाचे रडणे थांबले तसे ते वळले आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेले.

मूल दुर्गा होती. तेव्हा ती सहा महिन्यांची.

सुगंधा उठली. इतकी वर्षे तिने त्यांना पाहिले नव्हते, आणि तिच्या दुसऱ्या लग्नानंतर ते तिला कोण मानतात हे तिला माहीत नव्हते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “बाबा, चला. मी दाखवतंय.” त्यांनी तिचा आधार घेतला. दोघे आतून, मग बाहेरून, सगळे घर फिरून आले. वकील, साक्षीदार आणि मी थांबून राहिलो. ते काय बोलले ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. परत आले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि दुर्गा त्यांच्या कडेवर होती. ती आता कडेवर घेण्याएवढी लहान नाही.

वकिलांनी विचारले, कलम ६ मधील वाक्य खोडू का. मी सांगितले, खोडू नका, खोडाखोड केलेल्या कागदाला कोर्टात किंमत नसते. खाली लिहा की माझ्या पतींविषयीचे ते वाक्य अज्ञानामुळे पडले. ते एकदा आले होते. त्यांना वाट दाखवायला कोणी नव्हते.

हे सर्व मला पुन्हा वाचून दाखवले. बरोबर आहे. सही मी स्वतः करते, अक्षर हलले आहे ते हाताचे, मनाचे नव्हे.

मुक्काम शिरोडा, राईतील घर.
गुरुवार, दिनांक १७ फेब्रुवारी १९६६.

(सही) पद्मावती दत्ताराम नाबर

साक्षीदार. लिहून देणारीने आमच्या समक्ष सही केली व आम्ही तिच्या समक्ष केली:

१. (सही) यशवंत गोपाळ आजगावकर, निवृत्त शिक्षक, शिरोडा
२. (अंगठा) हिरा भ्रतार सखाराम तारी, धंदा मासळी विक्री, शिरोडा

लेखक: (सही) केशव प्रभुखानोलकर, वकील, वेंगुर्ले

हजर, साक्षीदार म्हणून नव्हे, स्वतःच्या आग्रहावरून:
(सही) दत्ताराम नाबर, राहणार मुंबई. ‘मुंबई’ हा शब्द त्यांनी स्वतः खोडून ‘शिरोडा’ केला. ही खोड मला मान्य.
(सही) प. द. नाबर